सुकाणूं आणि फडफड

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. ज्या विमानांतून ते आले त्याचें नांव ‘पस मॉथ’ होतें, हें मात्र थोडेच जण सांगूं शकतील. त्या दिवसाच्या आधीं पुरता महिनाहि झाला नव्हता, तोंच याच जातीचें एक विमान ऑस्ट्रेलियांत बायरन बे येथें हवेंत मोडून पडलें होतें, व पहिल्या महायुद्धांतील नामांकित वैमानिक लेस होल्डन हा त्यांत प्रवासी म्हणून बसला असतां प्राणांस मुकला होता. त्याच्या आदल्या वर्षीं आफ्रिकेंत ड्रेकन्सबर्गच्या डोंगरांत ग्लेन किडस्टन याचा असाच अंत झाला. इंग्लंडांतील तज्ज्ञांनीं वाऱ्याच्या बोगद्यांत प्रतिकृति ठेवून दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांच्या संशयितांच्या यादींत एक नांव ठळक होतें. तें म्हणजे इंग्रजींत ज्यास ‘फ्लटर’ म्हणतात ती फडफड. अखेरीस पंखास खालून धरणाऱ्या दांड्यास एक जादा टेकू देण्यांत आला. टाटांच्या साहसास उणेपणा आणण्याकरितां आम्हीं ही आठवण काढलेली नाहीं. विमान दिसण्यांत कितीहि सुबक असलें तरी त्याच्या अंगीं असला छुपा शत्रु वास करूं शकतो, एवढेंच आम्हांस प्रथम दाखवावयाचें होतें.

हा शत्रु सुकाणूंच्या ठिकाणीं कसा वावरतो तें पाहूं. सुकाणूं म्हणजे विमानाच्या शेंपटीवरील उभी हलती फळी. ती दारासारखी बिजागऱ्यांवर टांगलेली असते, आणि दाराप्रमाणेंच तिचें बहुतेक वजन बिजागरीच्या एकाच बाजूस, म्हणजे मागें असतें. वाऱ्याच्या झटक्यानें शेंपटी उजवीकडे सरकली कीं हें मागचें वजन जडत्वामुळें जागच्या जागीं राहूं पाहतें. त्यामुळें सुकाणूंची मागची कड डावीकडे वळते, आणि वळलेल्या सुकाणूंवर आपटणारा वारा शेंपटीस आणखी उजवीकडेच ढकलतो. शेंपटी आपल्या ताठपणानें परत फिरते, तेव्हां हाच खेळ उलट दिशेनें होतो. वेग बेताचा असला तर हवेचा विरोध ही हालचाल जिरवून टाकतो. एका ठराविक वेगापलीकडे मात्र वाऱ्यापासून मिळणारी शक्ति जिरणाऱ्या शक्तीहून वरचढ होते, आणि मग दोनचार सेकंदांत सारा निकाल लागतो. वैमानिकास विचार करण्यास अवधि मिळेलच असें नाहीं.

हें ज्ञान मनुष्यास पुस्तकांतून मिळालें नाहीं. १९१६ सालीं हँडली पेज यांच्या दोन एंजिनांच्या बाँबफेकी विमानाची शेंपटी उड्डाणांत पिळवटूं लागली, ती इतकी कीं तो पीळ ४५ अंशांपर्यंत जाई. लँचेस्टर यांनीं पाहिलें तों विमानाचें नाक वर-खालीं करणाऱ्या डाव्या व उजव्या फळ्या निरनिराळ्या तारांनीं हालत होत्या, व एक वर तर दुसरी खालीं असें त्यांचें चाललें होतें. दोहोंस एका भक्कम नळीनें जोडून टाकावें, हा त्यांचा इलाज लागू पडला. वर्षभरांत डी. एच. ९ या विमानावर तोच रोग उद्भवला, माणसें मेलीं, आणि मग तोच इलाज करावा लागला. शेजारच्या कारखान्यांत शिकलेला धडा आपल्या कारखान्यांत पुन्हां रक्त सांडून शिकावा, ही या इतिहासांतील आम्हांस सर्वांत खेदजनक वाटणारी गोष्ट आहे, आणि ती एकदांच घडलेली नाहीं.

बिजागरीच्या पुढें वजन बसवून मागच्या वजनाचा तोल साधावा, ही युक्ति हॉलंडमधील फॉन बाउमहाउअर व कोनिंग यांनीं १९२३ च्या सुमारास मांडली. त्यांच्यापुढें प्रश्न पंखाच्या कडेस असलेल्या एलरॉनचा होता. पण तत्त्व सुकाणूंसहि तेंच. १९२८ सालीं इंग्लंडांत फ्रेझर व डंकन यांनीं या विषयावर जो ग्रंथवजा अहवाल लिहिला, त्यास जाणते लोक फडफडीचें बायबल म्हणूं लागले. जर्मनांनीं पुढें प्रत्यक्ष उड्डाणांत कंप उत्पन्न करून मोजण्याची पद्धत काढली. तिचाच अवलंब करतांना १९३८ सालीं युंकर्स ९० हें मोठें विमान गमवावें लागलें.

आतां घरीं विमान बांधणाऱ्यांकडे वळूं. अमेरिकेंत अशा लोकांची संस्था १९५३ सालीं निघाली, आणि तेथील कायद्यानें ‘प्रायोगिक’ वर्गांत नोंद मिळण्यास विमानाचें बहुतांश काम हौशी मनुष्यानें स्वतः केलेलें असावें लागतें. आपल्या मुंबईंतहि कांदिवलीस अमोल यादव यांनीं घराच्या गच्चीवर विमान बांधलें व २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. या मंडळींच्या चिकाटीविषयीं आम्हांस निखळ आदर आहे. परंतु स्वतः बांधण्याच्या हक्काबरोबर स्वतः बदलण्याची खुमखुमीहि येते, आणि सुकाणूं हा त्या खुमखुमीचा आवडता बळी असतो.

व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आर. व्ही. मालेचें उदाहरण घ्या. जगांत घरगुती विमानांत या मालेइतकी लोकप्रिय दुसरी नसावी. आर. व्ही.-७ या विमानास प्रथम आर. व्ही.-८ चें लहान सुकाणूं होतें, पुढें आर. व्ही.-९ चें मोठें सुकाणूं बसवूं लागले, कां कीं विमान भोंवऱ्यासारखें गरगरत खालीं येऊं लागलें तर मोठ्या सुकाणूंनें तें लवकर सांवरतें. जुनें संच घेतलेल्यांस साहजिकच प्रश्न पडला कीं आपण कोणतें लावावें? मोठ्याचा गुण उघड दिसतो. पण मोठें सुकाणूं म्हणजे बिजागरीमागें अधिक क्षेत्र आणि अधिक वजन, शिवाय आर. व्ही.-९ ची वेगमर्यादा ताशीं २१० मैल, तर ७ ची २३०. धीम्या विमानाचा अवयव जलद विमानास जोडणें हें काम हिशेब व चांचणी केल्यावांचून होऊं नये. रचनाकारानें तें आपल्या जबाबदारीवर करणें निराळें, आणि बांधणाऱ्यानें शेजाऱ्याचें पाहून करणें निराळें.

यांत आणखी एक खुबी आहे. वेगदर्शकाचा कांटा हवेच्या दाबावरून चालतो, आणि उंचावर हवा विरळ. १२,००० फुटांवर कांटा २०० मैल दाखवीत असेल तर विमान वस्तुतः सुमारें २४० मैलांनीं धांवत असतें. फडफडीचा हिशेब बव्हंशीं या खऱ्या वेगाशीं असतो. जोरदार एंजिन लावून उंच उडणारा हौशी वैमानिक कांटा मर्यादेखालीं आहे म्हणून निर्धास्त असतो, आणि ती मर्यादा त्यानें केव्हांच ओलांडलेली असते.

झेनिथ सी. एच. ६०१ एक्स्-एल् या विमानाच्या बाबतींत अपराधी सुकाणूं नव्हतें, एलरॉन होतें. त्यास प्रतिभार नव्हता. तारा नीट ताणलेल्या असल्या म्हणजे भय नाहीं, असें विमानाच्या बाजूनें सांगण्यांत येई. एप्रिल २००९ मध्यें अमेरिकेच्या अपघातचौकशी मंडळानें हीं विमानें उडूं देऊं नयेत अशी शिफारस केली, तोंपर्यंत सहा विमानें हवेंत मोडून दहा माणसें मेलीं होतीं. नंतरच्या दुरुस्तींत पंख बळकट करण्यांत आले, आणि एलरॉनांस प्रतिभार आला. हॉलंडांत ती युक्ति निघाल्यास तेव्हां शहाऐंशीं वर्षें झालीं होतीं.

म्हणून कोणी आम्हांस विचारलें कीं कोणतें सुकाणूं घ्यावें, तर जें रचनाकारानें त्याच धडाबरोबर व त्याच वेगास तपासलें असेल तें, असें आम्ही सांगूं. पण तेवढ्यानें भागत नाहीं. नकाशाबरहुकूम बनविलेल्या सुकाणूंवर मागाहून लुकणाचा थर चढतो, रंगाचे दोनतीन हात बसतात, मागच्या कडेस एखादी पट्टी किंवा दिवा येतो, आणि हें सारें वजन नेमकें बिजागरीच्या मागें पडतें. रंगाऱ्याकडून सुकाणूं परत आलें कीं तें बिजागऱ्यांवर आडवें टांगून पाहावें: मागची कड किती झुकते, तें रचनाकारानें घालून दिलेल्या मर्यादेंत आहे कीं नाहीं, आणि नसल्यास पुढच्या शिंगांत किती शिसें वाढवावें लागेल. अर्ध्या तासाचें काम आहे. मात्र तें विमानास सुकाणूं जोडण्यापूर्वीं करावें लागतें.