वण, व्रणग्रंथी आणि किलॉइड

रोगाच्या ज्ञानाचा इतिहास पुष्कळदा त्याच्या नामकरणात साठलेला असतो. मराठी ‘वण’ हा शब्द संस्कृत ‘व्रण’ शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला. परंतु संस्कृतात जखमेचा वाचक असलेला हा शब्द मराठीत भरून आलेल्या जखमेच्या खुणेला लागू झाला. वण म्हणजे संपलेली गोष्ट, असा संकेत त्यात दृढ झाला. किलॉइडच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही. येथे जखम भरल्यावरही तंतुमय द्रव्य साचत राहते आणि वाढ मूळ जखमेची सीमा ओलांडते.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ग्रंथींचे नऊ प्रकार सांगितले असून त्यांत व्रणग्रंथीची गणना आहे. न भरलेल्या अथवा नुकत्याच भरलेल्या व्रणात ती उत्पन्न होते. दाह व कंडू ही तिची लक्षणे होत. कंडू किलॉइडमध्येही आढळते. तथापि सीमोल्लंघनाचे लक्षण तेथे नसल्याने दोहोंचे ऐक्य मानणे धाडसाचे ठरेल.

पॅरिस येथील आलिबेर या वैद्याने १८०६ मध्ये या विकाराला कर्करोगसूचक नाव दिले. पुढे तो भ्रम टाळण्यासाठी त्याने खेकड्याच्या नांगीचा वाचक ग्रीक शब्द घेऊन ‘किलॉइड’ ही संज्ञा घडविली.

महाराष्ट्रात या विकाराला निमित्त होणारे प्रसंग नित्याचेच आहेत. कान टोचण्याचा संस्कार जुना. दंडावर लस टोचण्याचा प्रघात १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या बालिकेला देवीची लस दिल्यापासूनचा. पुढे बीसीजीची लसही दंडावरच टोचली जाऊ लागली. कानाची पाळी, खांदा व छाती ही किलॉइडची विशेष स्थाने होत.

वाढ दिसली की कापून टाकावी, हा सहज सुचणारा उपाय. परंतु नुसते कापल्यास ती बहुधा पुन्हा, कधी अधिक मोठी होऊन येते. १९०६ मध्ये क्षकिरणांचा, १९६० नंतरच्या दशकात स्टेरॉइडच्या अंतःक्षेपणाचा आणि १९८० नंतर सिलिकोन पट्टीचा अवलंब सुरू झाला. आज हे उपाय एकत्र योजले जातात.

व्यवहारातील मराठी या विकाराला ‘गाठ’ म्हणते आणि आलिबेरने दूर केलेली कर्करोगाची भीती पुन्हा जागवते; नुसते ‘वण’ म्हटले, तर उपेक्षा होते. भीतीपोटी रुग्ण घाईने शस्त्राकडे वळतो आणि उपेक्षेपोटी उपचारास विलंब करतो. म्हणून ‘वाढता वण’ असा साधा, अर्थवाही शब्दप्रयोग रूढ होणे हे केवळ परिभाषेचे नव्हे, तर रुग्णहिताचेही कार्य होय.