भिलार : पुस्तकांचे गाव
सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यातील, पाचगणीजवळचे हे गाव स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी व स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी यांच्यामुळे आधीपासून परिचित होते. राज्य मराठी विकास संस्थेच्या प्रकल्पातून ४ मे २०१७ रोजी ते देशातील पहिले 'पुस्तकांचे गाव' झाले. एखाद्या जुन्या रस्त्याला सांस्कृतिक पायवाटेचे रूप द्यायचे, तर कोपनहेगनमधील स्ट्रॉगेट या रस्त्याप्रमाणे (१९६२) वाहने हटवून तो पादचाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची रीत शहरांत रूढ आहे; भिलारमध्ये मात्र रस्त्यापेक्षा त्याच्या कडेची घरे उघडली गेली, आणि हेच या प्रयोगाचे खरे मोल होय. प्रारंभी घरे, मंदिर, शाळा अशा २५ ठिकाणी सुमारे १५,००० मराठी पुस्तके मांडण्यात आली. संतसाहित्य, कादंबरी, कविता, बालसाहित्य असा एकेक प्रकार एकेका ठिकाणी असल्याने वाचक चालत पुढच्या दाराशी जातो. रंगवलेल्या भिंतीवरून ते दार ओळखू येते, आत घरच्यांच्या वावरातच कपाट असते, आणि तेथे बसून पुस्तक विनामूल्य वाचता येते. प्रेरणा वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची असली, तरी तेथील व्यवहार जुन्या पुस्तकांच्या विक्रीचा आहे, येथील वाचनाचा. 'पुस्तकांचे गाव' योजनेच्या विस्तारात सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या अंकलखोप-औदुंबरची निवड झाली. कवी सुधांशूंच्या या परिसरात संक्रांतीला साहित्यसंमेलन भरविण्याची परंपरा जुनी आहे.