खिडकीपुढच्या माणसाचे माप

संगणकाने काय साधले, असे विचारले की सरकारी अहवाल बहुधा यंत्रेच मोजून दाखवितात. कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेपाशीही असे आकडे होते : सुमारे दोन कोटी उतारे, ६७ लाख खातेदार, १७७ तालुके. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडील आपल्या शेतकरी घराण्यांना मात्र या बदलाची खूण निराळी होती. पूर्वी राज्यातील सुमारे नऊ हजार तलाठ्यांच्या दप्तरांत या नोंदी असत. उतारा हवा असेल तर तलाठी गाठावा लागे, आणि तो गाठणे हेच मोठे काम असे. २००१च्या सुमारास तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला व हस्तलिखित उताऱ्याची मान्यता संपली.

या खिडकीचे मोल तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्यालाच विचारावे, हे बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने २००२ मध्ये केले. सॅम्युएल पॉल यांनी १९९३-९४ मध्ये त्याच शहरातील पाणी-विजेच्या सेवांसाठी नागरिकांकडून प्रगतिपुस्तक भरून घेतले होते. तीच ही रीत. खेटे किती पडले, किती वेळ थांबावे लागले, चिरीमिरी द्यावी लागली का, असे साधे प्रश्न. जुन्या पद्धतीत शंभरांपैकी ६६ जणांनी लाच दिल्याचे सांगितले होते. ‘भूमी’च्या खिडकीवर तीन जणांनी.

२००७ मध्ये सोलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके उलटे चित्र मांडले. लाचखोरी वाढली, जमिनीच्या व्यवहारांना अधिक वेळ लागू लागला आणि बंगळूरभोवती बड्या खरेदीदारांचे फावले, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही अभ्यासांत खोटे कोण, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. पहिल्याने उताऱ्याची नक्कल घेणाऱ्याला विचारले. दुसऱ्याची नजर जमिनीच्या हस्तांतरावर होती. नक्कल यंत्र देते. फेरफाराला मात्र तेव्हा नोटीस, चौकशी आणि अधिकाऱ्याची मंजुरी लागेच, आणि तिथे माणूस पूर्वीइतकाच माणूस राहिला.

आमच्या भागापुरता आणखी एक प्रश्न त्या प्रगतिपुस्तकात हवा होता. छापील उतारा कन्नडमध्ये निघतो. मराठी शाळेत शिकलेला म्हातारा तो हाती घेऊन खिडकीपासून दूर होतो आणि आपल्याच शेताचे क्षेत्र किती लिहिले आहे, हे वाचून देणारा कोणी भेटतो का ते पाहतो.