तळटीप : ‘गॅसच्या तुटीचा इशारा’

* ब्रिटनच्या ‘नॅशनल ग्रिड’ने १ मार्च २०१८ रोजी दिलेला इशारा. लेखकाच्या वाक्यावरून घरोघरचा गॅस बंद पडला असा समज होईल. तसे काही घडले नाही. पूर्वेकडून आलेल्या थंडीने मागणी चढली, त्यातच पुरवठ्यात काही ठिकाणी बिघाड झाले आणि दिवसअखेर हिशेब जुळेना. इशाऱ्याचा रोख बाजाराकडे होता : पुरवठादारांनी जास्त गॅस आणावा, मोठ्या ग्राहकांनी जमल्यास वापर आवरावा. भाव कडाडले, गॅस आला.

विजेचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. गॅसला काही तासांची सवड मिळते, कारण मुख्य वाहिन्यांत दाबाखाली असलेला गॅस हाच एक छोटा साठा असतो. संध्याकाळी घरे तापवायला बॉयलर पेटले की दाब उतरतो, रात्री तो पुन्हा चढवून घेतात. थंडी दिवसचे दिवस हटली नाही तर मात्र एवढ्याने भागत नाही. त्यासाठी उत्तर समुद्राच्या तळाखाली ‘रफ’ हे गॅसचे साठवण-केंद्र होते, देशाच्या साठवणक्षमतेचा सुमारे ७० टक्के हिस्सा. ते बंद करायचे २०१७ मध्ये, म्हणजे नेमके आदल्याच वर्षी ठरले होते! (२०२२ मध्ये अंशतः पुन्हा सुरू.)

खरी आणीबाणी आलीच तर आधी मोठ्या कारखान्यांचा व वीजकेंद्रांचा पुरवठा तोडतात, घरांचा सर्वांत शेवटी. यात माणुसकी आहेच, पण नळातला दाब एकदा गेला की आत हवा शिरू शकते. मग दारोदार माणूस पाठवून आधी कॉक बंद करायचे, नळ तपासायचे आणि नंतरच गॅस सोडायचा. मोठ्या शहरात यात आठवडे जातात.