दिपोटीच्या डोळ्यांइतका उंच

शाळेच्या भिंतीवरची सजावट कुणासाठी केली आहे, हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. ती किती उंचीवर लावली आहे ते बघायचं. मी प्राथमिक शाळेत बाई म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्या वर्गातला तक्ता साडेपाच फुटांवर होता. पहिलीतलं पोर जेमतेम पावणेचार फुटांचं. म्हणजे ‘अ अननसाचा’ त्याच्या डोक्यावरून जात होता, अगदी शब्दशः.

पंतोजींच्या शाळेत हा प्रश्नच नव्हता. धूळपाटी पोराच्या पुढ्यात, बोटाने अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं. भिंतीचा उपयोग पाठ टेकायला. पुढे सरकारी शाळा आल्या, तिकाटण्यावर फळा उभा राहिला आणि वर्गाचे सगळे डोळे एका दिशेला वळले. भिंतीवर लावायला छापील चित्रंही मिळू लागली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या चित्रशाळेने 1878 पासून पुण्यात देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत चित्रं छापली. पण चित्र म्हटलं की खिळा, आणि खिळा म्हटला की छताजवळ. पूज्य वस्तू खाली टांगायची आपल्याकडे पद्धत नाही. माझ्या मते तक्तेही त्याच खिळ्यांच्या रांगेत गेले, ते तिथेच राहिले.

त्यात भर तपासणीची. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, येणार अशी वर्दी आली की शाळा सारवली जायची. माझ्या वेळी साहेबांचं पद बदलून विस्तार अधिकारी झालं होतं, पण गावकरी दिपोटीच म्हणत आणि धावपळही तीच. आदल्या दिवशी फळा काळा करायचा: सेल फोडून आतली काळी पूड काढायची, पाल्याच्या रसात कालवून बोळ्याने फासायची. स्टोव्हवर कणकेची खळ शिजवायची, तिला कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मग घोटीव कागदाची झालर, कार्डशीटवर बोरूने सुविचार, कडेला पानाफुलांची नक्षी. ज्या गुरुजींचं अक्षर वळणदार त्यांचा त्या दिवशी भाव वधारायचा. पोरांनी काय करायचं? कागद धरायचा आणि ‘हात लावू नको’ ऐकायचं. साहेब उंबऱ्यातून आत येत, त्यांची नजर सरळ फलकावर जाई. उंची बरोबर होती!

उलटा विचार करणारी माणसंही होती. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. तिथे फळे भिंतीवर इतके खाली लावलेले की सगळ्यात लहान मुलालाही लिहिता यावं. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर याच पद्धतीचं काम केलं आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या; 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंना आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांना महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे हेच साहित्य झालं. मला यातली गरिबीपेक्षा हुशारी जास्त दिसते. खडा पोरानेच वेचून आणलेला. त्याला हात लावू नको कोण म्हणणार?

(कोसबाड ज्या डहाणू भागात आहे, तिथलेच वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज कुठल्याही जिल्ह्यातल्या शाळेच्या फाटकावर तारपा वाजवणारी वारली माणसं नाचत असतात. ऑइलपेंटमध्ये, रंगाऱ्याने काढलेली.)

1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे, तक्ते. एकशिक्षकी शाळांना तिचा मोठा आधार झाला, हे खरं. पेट्यांमधून आलेले तक्ते मात्र ‘खराब होतील’ म्हणून कपाटात बंद राहिलेले मी पाहिले आहेत. साहित्य नोंदवहीत चढलं की फाटण्याची भीती पोरांपेक्षा गुरुजींना जास्त.

मला स्वतःला सगळ्यात मोठा बदल वाटतो तो एका काळ्या पट्ट्याचा. भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, चारी बाजूंनी रंगवलेला फळा. प्रत्येकाच्या वाट्याला हातभर जागा. पोरं मांडी घालून लिहितात, शेजारच्याचं पुसतात, भांडतात, पुन्हा लिहितात. वर्गभर खडूची भुकटी, आणि ठरावीक काळाने पट्टा पुन्हा रंगवावा लागतो; त्या डब्याचे पैसे कुठल्या अनुदानात बसवायचे हा मुख्याध्यापकांचा कायमचा घोर.

पट्ट्याच्या वरची भिंत हल्ली फ्लेक्सने भरते. तालुक्याच्या दुकानात तयार मिळतो: पाढे, ऋतू, शरीराचे अवयव, कोपऱ्यात देणगीदाराचा फोटो. खळ नको, बोरू नको. टाचणी टोचायला जागा नाही, त्यामुळे पोराने काढलेला बैल त्यावर लावता येत नाही. आणि टांगलेला असतो पुन्हा साडेपाच फुटांवरच.