आखाजीची पंगत

घरी माणूस जेवू कसा घालावा, याचे तळोद्यातले सगळे नियम आखाजीच्या एका दिवसात पाहायला मिळत. पंचांगात अक्षय्य तृतीया असेल, खानदेशात ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरतात, गावात कालिकामातेची यात्रा आणि बैलबाजार असतो, आणि वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं सालही याच दिवशी फिरायचं. लेक, पितर, यात्रेकरू आणि सालदार, असे चार तऱ्हेचे पाहुणे एकाच चुलीवर. तिघांचा मान आमच्या घराने निगुतीने राखला. चौथ्याचं काय झालं, ते लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं.

पाहुणचाराची सुरुवात बैलांपासून होई. तळोदा ही सातपुड्याच्या पायथ्याची लाकडाची जुनी पेठ. १८६७ साली इथे नगरपालिका झाली. खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या तळोद्यात बनतात आणि एकेक गाडी सुमारे ४० रुपयांना पडते, अशी इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात नोंद आहे. रोशा गवताचं तेलही इथून बाहेर जाई. अशा गाड्यांच्या गावात दारात गाडी थांबली की आधी बैल सोडायचे, त्यांना पाणी दाखवायचं, पुढ्यात कडबा टाकायचा आणि मग पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं. बैल उपाशी असला की पाहुण्याचं मन ताटात राहत नाही, असं माझे आजोबा सांगत. मला आजही हा सगळ्यात शहाणा नियम वाटतो.

आत बायकांचं काम आदल्या दिवसापासून चालू असे. गहू ओलवून, दळून, पीठ कापडातून चाळून घ्यायचं. मांड्यासाठी पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत वाढवायचा, तो कोपरापर्यंत पसरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. माझी आजी, आम्ही तिला मोठमाय म्हणायचो, खापरापाशी बसली की तिच्याशी कुणी बोलत नसे. मांडा फाटला तर तो घरच्यांचा. पाहुण्याच्या पानात अख्खाच जायचा. सोबत आमरस, कुरडया, पापड, झणझणीत सार आणि वरून तूप. पण पहिलं पान पितरांचं. निखाऱ्यांवर तूप आणि घास सोडून आगारी दिल्याशिवाय लेकरांनासुद्धा हात लावू देत नसत.

पंगत ओसरीवर बसे, पळसाच्या पत्रावळींवर. आवतण आदल्या दिवशी घरातल्याच माणसाने दारी जाऊन द्यायचं, आणि ते घरटी एकाचं की चूलबंद, हे तिथेच स्पष्ट सांगायचं. चूलबंद म्हटलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही. शेजारच्याचं होईपर्यंत पानावरून उठायचं नाही. पाहुण्याला मागावं लागलं तर ती वाढणाऱ्याची नामुष्की. घरच्या बायका सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं घेऊन बसत. या शेवटच्या नियमाचं कौतुक मला कधीच वाटलं नाही.

आणि सालदार? तो बहुतेक भिल्ल. आखाजीला साल धरायचा, ठरलेलं धान्य आणि रोकड यांवर वर्षभर राबायचा. आधी घेतलेली उचल फिटली नाही की पुढचं सालही तिथेच. ज्या गव्हाचे मांडे व्हायचे तो त्यानेच पेरलेला, कापलेला. आखाजीला त्यालाही जेवण असे, मांडेच असत, पोटभर असत. पण त्याचं पान गोठ्याच्या बाजूला, पंगत उठल्यावर. वाढणारा वरून टाकी. माझ्या लहानपणी आमच्या आळीत कुणाला यात वावगं दिसत नव्हतं, कारण रीत म्हणून सगळं बरोबर होतं.

ही रीत आतून बदलली नाही, बाहेरून बदलली. तळोदा तालुक्यातल्याच मोरवडला १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी भिल्लांना आरतीला जमवायला सुरुवात केली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा. भिल्लाच्या घरी पाहुणा आला की मोहाची दारू पुढे करणं आणि त्याआधी पूर्वजांसाठी जमिनीवर धार सोडणं, हा मानाचा भाग होता. तो सोडणं म्हणजे पाहुणचारच नव्याने घडवणं. १९३८ साली महाराज गेले, पण ‘आप की जय’ राहिलं. ज्या माणसाला आमच्या ओसरीवर जागा नव्हती, त्याने स्वतःच्या अंगणात स्वागताची स्वतःची रीत घातली. मला हे फार मोठं वाटतं.

मग १९७२. जानेवारीच्या ३० तारखेला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, भिल्लांचे पुढारी अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबरची तरुण मंडळी यांतून श्रमिक संघटना उभी राहिली, आणि सालदाराचा पगार, कामाचे तास यांवर शहादा-तळोद्याच्या गावागावांत बोलणी होऊ लागली. आमच्याकडे पितळी ताटं जाऊन स्टीलची आली तीही याच सुमाराला. पण ताटांमुळे काही बदललं नाही. ज्याच्याशी पगाराची बोलणी समोरासमोर बसून करावी लागतात, त्याला गोठ्यापाशी वाढणं अवघड होत जातं. आमच्या घरी सालदार ओसरीवर बसला तो त्यानंतर; मोठमायने स्वतः वाढलं, वाकून.

आता साल धरणारे फारसे उरले नाहीत. गावातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि गाळप संपलं की आखाजीच्या आसपास परततात. त्यांतली आमच्या मागच्या वस्तीतली दोन घरं आमच्याकडे चूलबंद असतात. खापर माझ्या सुनेलाही जमतं, मांडे आम्ही दोघी मिळून करतो, आणि बायका पहिल्याच पंगतीला बसतात, वाढायला पोरं. आवतण फोनवर देत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या दारी जाते, किती माणसं परतली ते विचारते, आणि त्या हिशेबाने रात्री गहू ओलवते.