सीमाशुल्क-विवाद आणि लोकप्रतिक्रिया (महाराष्ट्र)

एका देशाने शेजारी देशाच्या मालावर आयात शुल्क वाढवणे, किंवा आपला माल बाहेर जाऊ नये म्हणून निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य अथवा सरसकट निर्यातबंदी लादणे, आणि त्याला शेजाऱ्याने आपल्या परीने उत्तर देणे, या व्यवहाराला सीमाशुल्क-विवाद म्हणतात. किमान निर्यात मूल्य म्हणजे सरकारने ठरवून दिलेला असा भाव, की ज्याच्या खाली परदेशी खरेदीदाराशी सौदा करता येत नाही. कागदोपत्री ती बंदी नसली, तरी हा भाव पुरेसा चढा ठेवला की त्याचा परिणाम बंदीसारखाच होतो. महाराष्ट्रात अशा वादांवर उमटणाऱ्या प्रतिक्रियेचा रोख शेजाऱ्याने किती नुकसान केले यावर ठरत नाही, तर माल कोणत्या दिशेने चालला आहे यावर ठरतो. बाहेरचा माल आत आला की राग शेजाऱ्यावर निघतो, आपला माल सीमेवर अडला की तो आपल्याच सरकारवर निघतो, आणि जेथे पीक मुख्यतः सरकारच विकत घेते तेथे, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या धानाच्या पट्ट्यात, या वादाचा आवाज फारसा पोहोचत नाही.

शेजारी राज्याच्या मालावर जकात वाढवून आपला उत्पादक वाचवण्याचे मराठी मुलखातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १६७१ सालचे आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोव्याच्या बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्यामुळे व्यापारी तिकडे वळले आणि कोकणातील मिठागरांचा माल पडून राहू लागला, तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशच्या मिठावर इतकी जबर जकात बसवण्याची आज्ञा केली की ते स्वराज्यातील मिठापेक्षा महाग पडावे. या पत्राचा उल्लेख आज संरक्षक शुल्काचा आद्य नमुना म्हणून अभिमानाने होतो; मात्र महाग झालेले मीठ विकत घेणाऱ्या कुडाळच्या रयतेला त्याबद्दल काय वाटले, हा प्रश्न त्या अभिमानात सहसा विचारला जात नाही.

पुढे गोव्याच्याच सीमेवर हा प्रकार उलट्या दिशेने घडला. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात पत्रादेवीसारख्या ठिकाणी गोळीबार झाल्यावर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले, कॅसलरॉकमार्गे चालणारी रेल्वे बंद पडली आणि सहा वर्षे आर्थिक नाकेबंदी टिकली. पोर्तुगीज प्रशासनाने बटाटे हॉलंडहून, तांदूळ व भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून आणवले. खनिज लोखंडाच्या निर्यातीमुळे त्याला ते परवडलेही. नाकेबंदीला मराठी मुलखात राजकीय पाठिंबा मोठा होता, परंतु सीमेवर चोरटा व्यापारही चालूच राहिला. एकाच प्रदेशातील लोक एका धोरणाला जाहीरपणे पाठिंबा देतात आणि व्यवहारात त्याला बगल देतात, हे येथे लख्ख दिसते.

अलीकडच्या काळातील सर्वांत दीर्घ आणि तीव्र प्रतिक्रिया कांद्याची आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड या बाजार समित्यांतून जाणाऱ्या कांद्याचे बांगलादेश हे मोठे गिऱ्हाईक राहिले आहे आणि तो माल पश्चिम बंगालमधील घोजाडांगा, महदीपूर, हिली यांसारख्या नाक्यांवरून ट्रकने सीमा ओलांडतो. केंद्र सरकारने २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यात अचानक बंद केली, तेव्हा वाटेतले ट्रक सीमेवर अडकले. त्यानंतर आठवड्याभरातच दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी व्यापाऱ्यांच्या सभेत हिंदीत हसत सांगितले की, त्यांनी आपल्या आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको असे बजावले आहे, आणि पुढच्या वेळी आधी कळवावे अशी विनंतीही केली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा तशीच बंदी आली. या दोन बंद्यांनंतर बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तान, चीन अशा ठिकाणांहून कांदा आणायला सुरुवात केली आणि स्वतःचे उत्पादन वाढवण्याकडे लक्ष दिले. दुष्परिणाम तात्पुरता नव्हता, हे नाशिकच्या उत्पादकाने दिल्लीच्या आधी ओळखले. त्याच्या तक्रारीतला मुख्य शब्द भाव हा नव्हता, विश्वासार्हता हा होता.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागू झाले. उन्हाळ कांदा चाळीत साठवून पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने विकणे हा उत्पादकाचा वर्षभराचा हिशेब असतो, चाळीतला माल दर महिन्याला वजनाने घटतो व सडतो, आणि भाव वर जाण्याचे जे थोडे आठवडे असतात नेमक्या त्यांतच हा निर्णय आल्याने नुकसानीचा कडेलोट झाला. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्याच काळात राज्याचे एक मंत्री दादा भुसे यांनी ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काय बिघडते, अशा आशयाचे विधान केल्याने राग अधिकच भडकला. केंद्राने नाफेडमार्फत क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन खरेदी जाहीर केल्यावर लिलाव पुन्हा सुरू झाले, परंतु सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी ते पुन्हा बंद ठेवले. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. लिलाव बंद ठेवण्याचा निर्णय मुख्यतः व्यापाऱ्यांचा असतो आणि माल मात्र शेतकऱ्याच्या चाळीत सडतो. म्हणून बाहेरून एकसंध भासणाऱ्या आंदोलनात दोघांचे हितसंबंध एकच असतात असे धरून चालणे चुकीचे ठरते.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपूर्ण निर्यातबंदी, अशी पावले पडत गेल्यावर चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला आणि ११ डिसेंबर रोजी शरद पवार त्यात सहभागी झाले. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातमधील दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली, तेव्हा हा वाद भारत-बांगलादेशाचा न उरता महाराष्ट्र-गुजरातचा झाला. ४ मे २०२४ रोजी, म्हणजे नाशिक पट्ट्यातील लोकसभा मतदानाच्या तोंडावर, बंदी उठली तरी तिच्या जागी ४० टक्के शुल्क व टनामागे ५५० डॉलर किमान मूल्य लागू झाले. दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या आणि सत्ताधारी आघाडीच्या नेत्यांनीही त्या निकालात कांद्याचा वाटा मान्य केला. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीपूर्वी, किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले. १९९८ साली महाग कांद्याने दिल्ली राज्यातील सरकार पाडले होते. स्वस्त कांदाही मतपेटीत दिसू शकतो, हे सव्वीस वर्षांनी दिंडोरीत दिसले. या सर्व काळात बांगलादेशविरोधी घोषणा नाशिकमध्ये जवळजवळ नव्हत्याच, कारण उत्पादकाच्या दृष्टीने ढाका हे गिऱ्हाईक होते आणि दार दिल्लीने लावले होते. शुल्क उठेपर्यंत गिऱ्हाईकाची गरजही बदलली होती. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपल्या कांदा उत्पादकांसाठी आयात परवाने दीर्घकाळ रोखून धरले.

संत्र्याची कथा वेगळी आहे, कारण तेथे दार शेजाऱ्याने लावले. अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड या पट्ट्यात पिकणाऱ्या नागपुरी संत्र्याचा बांगलादेश हा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक होता. तेथील आयात शुल्क २०१९ च्या सुमारास किलोमागे २० रुपये होते आणि २०२३ पर्यंत ते ८८ रुपयांवर पोहोचले, असे आकडे विदर्भातील उत्पादक संघटनांनी व वृत्तपत्रांनी वारंवार मांडले. बागेत मिळणाऱ्या भावापेक्षा शुल्कच कितीतरी जास्त, अशी अवस्था झाली. भारताने कांदा अडवला म्हणून बांगलादेशाने संत्रा अडवला, हे स्पष्टीकरण विदर्भात सर्रास दिले जाते. ते पूर्णपणे सिद्ध करता येत नाही, कारण डॉलरच्या टंचाईमुळे बांगलादेशाने मे २०२२ मध्ये परदेशी फळांसह शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क वाढवले होते आणि त्या यादीत केवळ भारताचा माल नव्हता. तथापि या स्पष्टीकरणामुळे संत्रा उत्पादकाचा राग ढाक्याऐवजी दिल्लीकडे वळला, हा त्याचा खरा परिणाम होय.

राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस या आयात शुल्काची निम्मी रक्कम अनुदान म्हणून देण्याचे जाहीर केले. शेजाऱ्याने लावलेल्या कराचा अर्धा भार आपल्या तिजोरीने उचलावा, ही मागणी मान्य होणे हेच मुळात विलक्षण आहे, कारण अशा रकमेचा लाभ अंतिमतः बांगलादेशाच्या तिजोरीला होत नाही ना, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने लगेच उभा राहतो. दुसरी अडचण बाजाराच्या रचनेत आहे. आंबिया किंवा मृग बहाराची फळे झाडावर असतानाच पुष्कळ बागांचा सौदा होतो, फळे तोडून भरून पाठवणे व्यापारी करतो आणि शुल्क भरल्याची कागदपत्रे निर्यातदाराच्या नावे असतात. त्यामुळे अनुदान निर्यातदाराला मिळाले तरी बागवानाच्या भावात त्यातले किती उतरावे, याला कोणतेही बंधन नव्हते.

बाहेरचा माल आत आला तेव्हाची प्रतिक्रिया पाकिस्तानी साखरेच्या प्रकरणात पाहावी. मे २०१८ मध्ये, देशात साखरेचे विक्रमी उत्पादन होऊन भाव कोसळलेले असताना, शुल्कमुक्त आयात परवान्याखाली आलेली पाकिस्तानी साखर नवी मुंबईच्या बाजारात असल्याची बातमी पसरली. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने वाशीच्या व्यापाऱ्यांना इशारे दिले आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी जितेंद्र आव्हाड यांच्या नेतृत्वाखाली शीळफाटा परिसरातील गोदामात शिरून पोती फोडली. ती आयात देशाच्या उत्पादनापुढे नगण्य होती, साखरेचे भाव पडण्याशी तिचा संबंध नाममात्र होता. परंतु उसाच्या थकीत रकमेवर बोलण्यापेक्षा पोत्यावरचे देशाचे नाव दाखवणे सोपे होते. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसले, तेव्हा उपवासाला व बाळंतिणीला लागणारी खारीक महागली, आणि तरीही त्याविरुद्ध महाराष्ट्रात कोणी रस्त्यावर आले नाही.

इतर देशांतील शेजारी-वादांत ग्राहकच पुढे येतो असे पुष्कळदा दिसते. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने कॅनडाच्या मालावर शुल्क जाहीर केल्यावर कॅनडातील प्रांतांनी सरकारी दुकानांतून अमेरिकी मद्य हटवले, लोकांनी देशी माल शोधून घेतला आणि हॉकी सामन्यांत अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली. बांगलादेशात २०२४ मध्ये भारतीय मालावर बहिष्काराची मोहीम निघाली. एप्रिल-मे २०२५ मध्ये भारत व बांगलादेश यांनी एकमेकांच्या सुतावर, कपड्यांवर व वाहतूक सवलतींवर निर्बंध घातले, आणि बांगलादेशी तयार कपडे आणण्यास केवळ न्हावा शेवा व कोलकाता ही बंदरे मोकळी राहिली, तरी महाराष्ट्रातील ग्राहकाला याची जाणीवही फारशी झाली नाही. येथे बोलतो तो उत्पादक, आणि तोही पीक नाशवंत असेल तर.

भंडारा जिल्ह्यात ही अट पुरी होत नाही. मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्याला लागून असलेल्या तुमसर तालुक्यात, ज्यात नाकाडोंगरी येते, उपजीविकेचे दोन आधार आहेत: धान आणि मँगनीज. ८ सप्टेंबर २०२२ रोजी तुकडा तांदळाची निर्यात बंद झाली व बिगर-बासमती कच्च्या तांदळावर २० टक्के शुल्क लागले, २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली आणि पुढच्या महिन्यात उकड्या तांदळावरही २० टक्के शुल्क आले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये तुकडा तांदूळ वगळता हे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले, आणि तुकडा तांदळावरची बंदी मार्च २०२५ मध्ये उठली. जगाच्या तांदूळ बाजारात या निर्णयांनी खळबळ उडवली, परंतु नाशिकसारखे आंदोलन धानपट्ट्यात उभे राहिले नाही. येथील शेतकरी आधारभूत खरेदी केंद्रावर धान देतो, ते भरडाईसाठी गिरणीत जाते आणि तांदूळ शासनाच्या गोदामात परततो. भाव दिल्ली ठरवते व बोनस मुंबई ठरवते, त्यामुळे परदेशी खरेदीदार या साखळीत कोठेच दिसत नाही. केंद्रे उशिरा उघडणे, बारदान्याचा तुटवडा, ऑनलाइन नोंदणी आणि रखडलेले चुकारे हे येथील मोर्च्यांचे विषय आहेत. खासगी व्यापाऱ्याला धान विकणाऱ्याला निर्यातबंदीने पडलेला भाव सोसावा लागतो, पण त्याची तक्रारही हमीभाव मिळाला नाही या भाषेतच मांडली जाते.

मँगनीजचेही तसेच आहे. डोंगरी बुजुर्ग येथील मॉयल या मँगनीज कंपनीची उघडी खाण आणि चिखला येथील खाण यांच्या खनिजाचा दर जागतिक किमतींशी ताडून बदलत राहतो, मात्र स्पर्धक माल दक्षिण आफ्रिका व गॅबनसारख्या दूरच्या देशांतून येतो आणि कंपनीचे भागधारक म्हणून केंद्राबरोबर महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन्ही शेजारी राज्ये एकत्रच बसलेली आहेत.

धानपट्ट्यात शेजाऱ्याच्या भावाची चर्चा होते ती राज्याच्या सीमेवरून. छत्तीसगडने २०२३-२४ च्या हंगामापासून क्विंटलला ३,१०० रुपये दराने एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी सुरू केली, तेव्हा सर्वसाधारण धानाचा हमीभाव २,१८३ रुपये होता आणि महाराष्ट्राने त्यावर हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम दिली. भंडारा-गोंदियातील शेतकरी संघटनांच्या निवेदनांत छत्तीसगडच्या दराचा दाखला तेव्हापासून नेहमी येतो. छत्तीसगड शासन खरेदीच्या हंगामात परराज्यातील धान आपल्या केंद्रांवर येऊ नये म्हणून सीमेवर तपासणी नाके उभारते आणि अवैधरीत्या येणारे धान तेथे जप्त केले जाते.